पश्चिमेच्या भिंतीतली दोरी

हिंगोली,
वैशाख वद्य षष्ठी, शके १८६१

पत्राच्या वरती तुम्हाला काय लिहावं हे ठरेना. नेहमीचं लिहायला गेले तर हात पुढे सरकेना. म्हणून वरची जागा तशीच कोरी सोडली आहे.

तुमचं कार्ड मिळालं. हैदराबादेत जागा चांगली मिळाली, वरचे साहेब मान देतात, बसायच्या खोलीत विजेचा पंखा आहे, हे कळलं. आत्याबाईंना वाचून दाखवलं. पंख्याची ओळ मात्र गाळली. तुमच्या आईला ती ओळ ऐकवायची माझी छाती झाली नाही. पंखा ओढता ओढता मेलेल्या थावऱ्याला नेलं तेव्हा त्या दारात उभ्या होत्या.

पोलिसांच्या अमीनसाहेबांपुढे तुम्ही जो जबाब दिला तो उर्दूत आहे. तो कोणाला वाचता येणार नाही असं तुम्हाला वाटलं असेल. कापसाच्या प्रेसमधल्या माणिकराव कारकुनांना उर्दू येते. त्यांनी थावऱ्याच्या बायकोला, भिकाबाईला, तिच्या तोंडावर सांगितलं, आणि भिकाबाईनं मला. तुम्ही लिहून दिलंत की पंखा ओढणारा एक इसम नशेत कामावर आला होता, त्यामुळे ऊन सहन न होऊन मेला.

एक इसम. आपल्या घराच्या पायाचे दगड ज्यानं डोक्यावर वाहिले त्याचं नाव तुम्हाला आठवेना का? त्याची बायको रोज सकाळी आपल्या दारात सरपणाची मोळी टाकते आणि मग पुनमचंद शेठच्या कचेरीवर पाणी भरायला जाते. त्या दिवशीही ती तिथंच होती. त्या दिवसाचं तिनं मला जसं सांगितलं तसं लिहिते. तुम्ही तेव्हा आत शेठजींसमोर खुर्चीवर होता. भिंतीच्या बाहेरचं तुम्हाला दिसलं नसेल.

दुपार कलली होती. पश्चिमेच्या भिंतीला तो जो पत्र्याचा आडोसा तुम्ही नकाशात आखून दिलात त्यात थावरा बसला होता. पंख्याची दोरी भिंतीतल्या भोकातून आत गेलेली. ऊन समोरून तोंडावर, वरून पत्रा तापलेला, पाठीमागे भिंत तापलेली. भिकाबाई दाराच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत होती. आतून शेठजी ओरडत होते की गारवा येत नाही, पाणी वाढवा, जोरात ओढा. तिनं पाणी वाढवलं. त्यानं जोरात ओढलं. मग ती कळशी भरायला गेली आणि आली तर दोरी सैल पडलेली. तिला वाटलं डुलकी लागली. आतून कोणीतरी म्हणालं, "झोपला काय रे?" तिनं त्याला हलवलं तर अंग चटका बसेल असं तापलेलं आणि घाम एक थेंब नाही. ताट्यांसाठी आणलेली कळशी तिनं त्याच्या डोक्यावर ओतली. तोवर उशीर झाला होता.

थावरा दारूला शिवत नव्हता, हे सगळ्या तांड्याला ठाऊक आहे. तुम्हालाही आहे.

आणि दुसरं जे तुम्हाला ठाऊक होतं तेही लिहिते, कारण ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मागच्या वर्षी शेठजी आपल्या ओसरीवर बसले होते. मी आत दळत होते. तुम्ही त्यांना नीट समजावून सांगत होता. ताटीतून वारा आत यायचा तर आतली तापलेली हवा वरून बाहेर जायला हवी, पूर्वेच्या भिंतीला वर रोशनदानं ठेवू. दोरी उत्तरेच्या ओसरीत घेऊ, तिथं लिंबाची सावली आहे. शेठजी म्हणाले, रोशनदानातून रुई उडून कागदांवर बसते, ती बंद करा. आणि ओसरीतून पाहुणे येतात, तिथं दोरीवाला बसलेला मला दिसायला नको. तुम्ही म्हणालात, "पश्चिमेला माणूस टिकायचा नाही, शेठजी." हे तुमचे शब्द. मी जातं थांबवून ऐकले.

मग शेठजींनी हैदराबादच्या जागेची गोष्ट काढली, आपल्या ओळखीची गोष्ट काढली. आणि तुम्ही पुन्हा काही बोलला नाहीत.

तर आता अमीनसाहेबांना दुसरं पत्र लिहा. थावरा शुद्धीत होता एवढं लिहा. मला दुसरं काही नको.

नर्मदा


हिंगोली,
आषाढ शुद्ध दशमी, शके १८६१

तुमचं पत्र वाचलं. तुम्ही लिहिता, गेलेला माणूस जबाब बदलून परत येणार आहे का. लिहिता, शेठजींच्या शब्दावर मिळालेली जागा आहे, ती गेली तर सगळेच उघड्यावर पडू. लिहिता, तू आत्याबाईंना घेऊन इकडे ये, इकडे आलीस की तुझं मन निवळेल. माझं मन गढूळ झालेलं नाही. मला अगदी स्वच्छ दिसतंय, तकलीफ तीच आहे.

आत्याबाई येत नाहीत आणि मीही येत नाही. त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. पूर्ण ऐकून त्या इतकंच म्हणाल्या की पोरगं लहानपणी खोटं बोलताना कान खाजवायचं, आता कागदावर ते दिसत न्हाई.

आता इकडे हवा गार आहे. पंखा गुंडाळून ठेवलाय, ताट्या उतरवल्यात, आडोशाखाली शेळ्या बसतात. थावरा गेला हे बाजारात कोणाच्या ध्यानातही नाही. तुम्ही याच्यावरच विसंबून आहात, मला माहीत आहे. पण कचेरी आहे तिथंच आहे. उन्हाळा परत येणार, आणि भोकातून दोरी परत बाहेर निघणार. परवा माणिकराव सांगत होते, पुढच्या साली त्या जागेवर थावऱ्याचा भाऊ लालसिंग याला घ्यायचं शेठजींच्या मनात आहे. भावाची जागा भावाला, यात शेठजींना आपला मोठेपणा वाटतो.

मी ती कचेरी पाहून आले. शेठजी गावाला गेले होते. माणिकरावांची बायको माझ्या ओळखीची, तिच्याबरोबर गेले. तुमचं काम बाहेरून फार देखणं आहे. रंगीत काचा, पत्र्याला हिरवा रंग, दाराला पितळी मुठी. आत गेले आणि नाकात ओल्या पोत्याचा वास भरला. सगळ्या उन्हाळ्यात ताट्यांवर मारलेलं पाणी त्या खोलीतून बाहेरच गेलेलं नाही. कपाटातल्या कागदांना बुरशी आहे, लाकडी चौकटी फुगल्यात. माणिकराव म्हणाले, दुपारी आत बसलं की भात शिजायला ठेवल्यासारखं वाटायचं. पाणी मारलं की उकाडा वाढायचा, उकाडा वाढला की शेठजी आणखी पाणी मागायचे. म्हणजे ज्याच्यासाठी थावरा ओढत होता आणि त्याची बायको कयाधू नदीच्या वाळूत झरे उकरून पाणी आणत होती, तो गारवा तिथं कधी आलाच नाही.

आणि आपलं घर? आपल्या घरात भर वैशाखात मधल्या खोलीत आत्याबाई पासोडी पांघरून झोपतात. वर धाब्याची जाड माती, समोरासमोर खिडक्या, वर झरोके. तुम्ही स्वतः उभं राहून करून घेतलंत. मी तेव्हा विचारलं होतं, एवढ्या उंच भोकांचा काय उपयोग, तर तुम्ही मला शेजारी उभं करून हात वर धरायला लावलात. बोटांना वारा लागला. तुम्ही हसून म्हणालात, गरम हवा वर चढते, तिला दार दिलं की ती आपणहून जाते.

न कळणाऱ्या माणसाचा मला राग आला नसता. तुम्हाला कळत होतं.

शेठजींना एक कागद लिहा. रोशनदानं उघडा, दोरी उत्तरेला घ्या. अमीनाचं राहू द्या, आधी हे लिहा. लालसिंगला लेकरं आहेत.

नर्मदा


हिंगोली,
कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८६१

दिवाळीला तुम्ही आला नाहीत. साडी पाठवलीत. ती घडी न मोडता ठेवली आहे.

शेठजींना कागद लिहिणं तुम्हाला शक्य नाही म्हणता. आता बदल सुचवला तर आधीचं चुकलं होतं असं होईल, आणि ज्यानं जबाब दिलाय त्याला ते परवडणार नाही. बराबर आहे. एक खोटं उभं ठेवायला दुसरं माणूस उन्हात बसवायचं. तुम्हाला याचा हिशोब जमतो, मला जमत नाही.

तुम्ही लिहीत नाही म्हणून मीच शेठजींकडे गेले. हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. दिवाळीच्या फराळाचं निमित्त होतं. त्यांच्या बायकोपाशी बसले होते, शेठजी आत आले, तेव्हा मी उठून उभी राहिले आणि बोलले. म्हटलं, कचेरीत रोशनदानं उघडावीत आणि दोरीवाल्याला सावलीत बसवावं.

शेठजी रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत. म्हणाले, "बाई, मी कापसाचा माणूस. वारा कुठून येतो, कुठून जातो, मला काय समजतं? तुमच्या घरच्यांनी नकाशा काढला, मी बांधलं. त्यांनी आज लिहून दिलं तर उद्या भिंत फोडतो."

मी म्हटलं, "त्यांनी तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

ते म्हणाले, "सांगितलं असतं तर त्यांनी जबाबात तसं म्हटलं असतं की नाही?"

त्यांच्या बायकोनं माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली. मी ती खाल्ली नाही. घरी येऊन आत्याबाईंच्या समोर रडले. दुःखानं रडत होते असं समजू नका. उत्तर असून देता आलं नाही, म्हणून रडत होते. शेठजींनी तुमचाच जबाब माझ्या तोंडावर फेकला आणि दार लावून घेतलं.

भिकाबाई अजून मोळी आणते. एक दिवस ती मला म्हणाली, "बाई, तुमी काहून तकलीफ घेऊन राहिल्या? तुमच्या घरात भांडण नको." मला वाटलं भुईत जावं. जिचा माणूस गेला ती माझं घर सांभाळून राहिली, आणि ज्यानं ते घर बांधलं तो कार्डावर खुशाली कळवून राहिला.

नर्मदा


हिंगोली,
चैत्र वद्य एकादशी, शके १८६२

तुमचा नकाशा पोचला, काम झालं. कसं झालं ते लिहिते, कारण शेठजी तुम्हाला त्यांच्या परीनं लिहितील.

होळी झाली आणि ऊन तापायला लागलं तसा शेठजींनी तांड्यावर निरोप पाठवला, लालसिंगला दोरीवर पाठवा. तांड्याचे धर्मसिंग नाईक स्वतः कचेरीवर आले. मी तिथं नव्हते, माणिकरावांनी सांगितलं. नाईक म्हणाले, "शेठ, रोजगार आमाला पाहिजे. पण त्या भिंतीला आमचं माणूस बसणार न्हाई. पाणी बी येणार न्हाई." शेठजींनी मजुरी वाढवतो म्हटलं. नाईक म्हणाले, "मजुरीचं बोलून न्हाई राहिलो. जागेचं बोलून राहिलो."

लालसिंग आदल्या दिवशी आपल्या दारात आला होता. त्याला कामाची गरज होती, घरात दाणे कमी होते, तरी त्यानं नाही म्हटलं होतं. भिकाबाईनं त्याला सांगितलं होतं की तू त्या आडोशात बसलास तर मी तुझ्या हातचं पाणी पिणार नाही.

शेठजींनी बाजारातून माणसं आणली. एक दुपारपर्यंत बसला आणि दोरी टाकून निघून गेला. दुसऱ्याला चक्कर आली, तो चारचौघांत सांगत फिरला. मग कोणी येईना. पाणी नाही, पंखा नाही, रंगीत काचांच्या बंद खोलीत शेठजींना बसवेना. त्यांनी आपली गादी बाहेर लिंबाखाली टाकली. व्यापारी येत आणि हसत. मग त्यांनी तुम्हाला तार केली.

आणि तुम्ही लगेच कागद पाठवलात. वर्षभर मी मागत होते तो कागद. थावऱ्यासाठी निघाला नाही, लालसिंगसाठी निघाला नाही, माझ्यासाठी निघाला नाही. शेठजींना घाम आला आणि पुढच्या टपालानं निघाला.

कागद मात्र उत्तम होता, ते खोटं कशाला बोलू. संतराम गवंडी तो घेऊन आपल्या ओसरीवर आला होता, काही शब्द वाचून घ्यायला. पूर्वेला वर रोशनदानं फोडायची, रुई येऊ नये म्हणून बारीक जाळी बसवायची. दोरी उत्तरेच्या ओसरीत, कोपऱ्यावर कप्पी लावून वळवायची. पत्र्यावर तुरीच्या तुराट्या अंथरून वर मातीचा जाड लेप, त्यावर चुना. ताट्या सकाळपासून भिजवायच्या नाहीत, वारा सुटला की भिजवायच्या. सगळं साधं. त्या जाळीनं रुईचाही प्रश्न मिटला. जाळी मागच्या साली मिळत नव्हती का?

काम संपल्यावर माणिकरावांच्या बायकोबरोबर मी पुन्हा आत गेले. भर दुपार होती. ताटीतून वारा आला, अंगावरून गेला, वर निघून गेला. वाळ्याचा वास होता, ओल्या पोत्याचा नव्हता. मला तिथं बरं वाटलं. तिथं बसून बरं वाटतंय याचा मला इतका राग आला की मी उठून बाहेर आले. पश्चिमेच्या भिंतीतलं भोक संतरामनं विटेनं बुजवलंय. आडोसा काढून टाकलाय. त्या जागी आता काहीच नाही.

नर्मदा


हिंगोली,
वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १८६२

तुम्ही लिहिता, ऐकून तुला अभिमान वाटेल. शेठजींनी तुमच्या साहेबांना पत्र लिहिलं, साहेबांनी तुम्हाला बोलावून शाबासकी दिली, आणि आता आणखी कचेऱ्यांचं काम तुम्हाला देणार. तुमचं वाक्य मी पाठ केलंय. "कमी पाण्यात, कमी माणसांत, जास्त गारवा."

कमी झालेल्या त्या माणसांत पहिला थावरा. त्याचं नाव साहेबांना सांगितलंत का?

पुढचे कोण ते ऐका. पाणी निम्मं लागतं, म्हणून शेठजींनी पाणी भरणाऱ्या बायका कमी केल्या. त्यात भिकाबाई. पंखा दुपारचाच ओढावा लागतो, तोही हलका झाला, तेव्हा एक म्हातारा पुरतो, म्हणून लालसिंगला नको म्हटलं. ज्यांनी नाही म्हटलं म्हणून ती कचेरी सुधारली, त्यांनाच तिचं दार बंद झालं. भिकाबाई आता कनेरगावच्या बाजूला कोणाच्या तरी शेतात खुरपायला जाते. मोळी बंद झाली. शेवटची मोळी टाकताना तिनं मला सांगितलं, आणि वर म्हणाली, "जाऊ द्या बाई, तिथं आता कोनी मरणार न्हाई." मी तिचा हात धरून तिला ओट्यावर बसवलं. तिला म्हटलं, चल.

आम्ही अमीनसाहेबांकडे गेलो. एकटी बाई कशी जाणार, म्हणून मी आत्याबाईंना विचारलं. मला वाटलं त्या अडवतील. त्यांनी लुगडं बदललं, डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्या पुढे चालायला लागल्या. बाजारातून जाताना लोक बघत होते. व्यंकटराव इंजिनेराची आई आणि बायको तांड्यावरच्या बाईला मधे घेऊन चालल्यात, हे कोणी कधी पाहिलं नव्हतं.

अमीनसाहेब नवे आहेत, वयस्कर आहेत. त्यांनी आत्याबाईंना खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. ओसरीवर काय बोलणं झालं, कोण काय म्हणालं, मी कुठे बसले होते. त्यांनी विचारलं, हे बोलणारी तू कोण. मी म्हटलं, व्यंकटराव यांची बायको. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

मग त्यांनी भिकाबाईला विचारलं, "तुला काय पाहिजे?"

ती उभीच होती. म्हणाली, "त्यो पेलेला न्हवता. येवढं लिवा."

"आणखी?"

"आनखी काय? माझ्या लेकरांना लोक बेवड्याचं लेकरू म्हणून राहिले. येवढं लिवा."

त्यांनी लिहिलं. मला मराठीत समजावून सांगितलं आणि मी खाली सही केली. आत्याबाईंनी अंगठा दिला. तुमच्या आईनं, तुमच्या जबाबाच्या विरुद्ध. अंगठ्याची शाई पुसायला अमीनसाहेबांनी फडकं पुढे केलं तर त्या म्हणाल्या, राहू द्या.

निघताना अमीनसाहेब मला म्हणाले, "बाई, मी हे परभणीला, वरच्या साहेबांकडे पाठवीन. ते तुमच्या यजमानांना विचारतील. त्यांनी नाकारलं तर तुम्ही खोट्या ठराल. विचार करा."

मी म्हटलं, "ते नाकारणार नाहीत."

हे मी कशाच्या जोरावर म्हणाले मला माहीत नाही. वर्षभरात तुम्ही मला तसं मानण्यासारखं काही दिलेलं नाही. पण म्हणाले. आता मला खोटं पाडायचं का, ते तुम्ही ठरवा. शेठजींच्या शब्दावर मिळालेली जागा शेठजींच्या शब्दावर जाईल, हे मला कळतं. सगळेच उघड्यावर पडू, असं तुम्ही लिहिलं होतं. आत्याबाई म्हणतात, घर आहे, हातपाय आहेत.

नर्मदा


हिंगोली,
ज्येष्ठ वद्य चतुर्थी, शके १८६२

काल अमीनसाहेबांनी बोलावलं होतं. तुमचा नवा जबाब आला.

त्यांनी वाचला आणि तुमचेच शब्द मराठीत सांगितले. थावरा शुद्धीत होता. ती जागा उन्हाची आहे, तिथं माणूस टिकणार नाही, हे मला माहीत होतं. मी मालकांना सांगितलं होतं आणि नंतर गप्प बसलो. आधीचा जबाब मी खोटा दिला. एवढंच. मधे कुठे सबबी नाहीत. मी दोनदा वाचून घेतला, सबब शोधत होते.

शेठजींनी आता जाण्यायेण्याचा रस्ता बदललाय, आपल्या घरावरून जात नाहीत. त्यांचं काय होईल ते परभणीच्या लोकांवर आहे, अमीनसाहेब म्हणाले, फारसं काही होणार नाही. तुमच्या जागेचं तुम्ही काही लिहिलं नाही, पण माणिकरावांच्या कानावर आलं की तुम्हाला काढलं. दुसऱ्या कचेऱ्यांचं काम दुसऱ्या कोणाला गेलं. तो तुमचाच नकाशा वापरणार असेल.

तुम्ही खरं बोललात म्हणून माझा राग गेला असं समजू नका. तुम्ही खरं बोललात ते जागा जाणार हे कळून बोललात, म्हणून हे पत्र लिहिते आहे, नाहीतर तेही लिहिलं नसतं.

अमीनसाहेबांच्या मागे लागून मी जबाबाची नक्कल घेतली. माणिकरावांना बरोबर घेऊन तांड्यावर गेले. धर्मसिंग नाईकांनी लोकांना बोलावलं. लालसिंग होता, लेकरं होती, बायका घरांच्या दारांत उभ्या होत्या. माणिकरावांनी मोठ्यानं वाचलं, एकेक ओळ मराठीत फोडून सांगितली. थावरा शुद्धीत होता, या ओळीला नाईकांनी त्यांना थांबवलं आणि तेवढी ओळ पुन्हा वाचायला सांगितली.

भिकाबाई खाली मान घालून ऐकत होती. वाचून झाल्यावर मला वाटलं ती रडेल, किंवा माझ्याशी दोन शब्द बोलेल. तिनं मान वर केली आणि मला विचारलं,

"येवढं लिवायला सायबाला वरीस लागलं?"

मी तिथं उत्तर दिलं नाही. ते उत्तर माझं नाही. तुम्ही या, गाडीतून उतरलात की घरी येऊ नका, आधी तांड्यावर जा, आणि ते उत्तर तिला द्या.

नर्मदा